‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांच्या शिवणीत : बालचित्रपुस्तक आणि अवजारांचा इतिहास

कोमेनियसच्या 1658 मधील ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ या सचित्र पाठ्यपुस्तकात दळणाचे एक प्रकरण आहे. आरंभी हातजाते, मग घोड्याने फिरणारी चक्की, पुढे पाणचक्की, नावेवरची चक्की आणि अखेरीस पवनचक्की असा क्रम तेथे लावला आहे. रोजच्या वापरातील तंत्राचा इतिहास मुलांना चित्रांतून सांगण्याचा हा एक आद्य नमुना होय. त्यातील ‘आरंभी, मग, अखेरीस’ हा अन्वय मराठी मुलांच्या पुस्तकांतही परिचित आहे. डाव्या पानावर जाते, उजव्या पानावर गिरणी. डावीकडे मोट, उजवीकडे पंप. या मांडणीत दोन्ही वस्तू दिसतात. एक जाऊन दुसरी का आली हा प्रश्न मात्र दोन पानांच्या शिवणीत नाहीसा होतो.

या अन्वयाची कसोटी पाहायची तर कवठे महांकाळसारखा अवर्षणप्रवण तालुका घ्यावा. येथील मुलाच्या परिसरात मोटेची धाव आणि थारोळे उरलेली विहीर, विंधनविहीर आणि म्हैसाळ योजनेचा कालवा या तीन काळांच्या खुणा एकाच शिवारात असू शकतात. त्याच्या दृष्टीने ‘पूर्वी’ संपलेले नसते आणि ‘आता’ पूर्णपणे आलेले नसते. चामड्याची मोट विहिरीच्या तळातून पाणी काढी. विंधनविहीर शेकडो फूट खाली जाते. म्हैसाळ योजना तर मिरज तालुक्यातून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून आणते. पाणी जसजसे खोल आणि दूर गेले तसतसे यंत्र मोठे होत गेले. केवळ प्रगतीची गोष्ट म्हणून हा इतिहास सांगता येत नाही. शिवाय उपसा विजेवर चालतो. म्हणून पाण्याचा प्रश्न वीजदेयकाचाही प्रश्न होतो.

जोडपानांतून गळणारी दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. मोट चांभाराने शिवावी, नाडा मांगाने वळावा, चाक सुताराने घडवावे, अशी ती व्यवस्था होती. त्र्यं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात बलुत्याच्या या जगाचे तपशीलवार वर्णन आहे. पंप आला तेव्हा घडवणारा हात गावातून कारखान्यात गेला. 1910 मध्ये वसलेली, पंपांच्या कारखान्यासाठी ओळखली जाणारी किर्लोस्करवाडी याच सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे या बदलाची दोन्ही टोके एका जिल्ह्याच्या नकाशावर दाखवता येतात. मोटेशेजारी चांभार काढला नाही, तर चित्र जातीचा प्रश्न टाळते. तो नुसता हसरा काढला, तर त्या प्रश्नावर रंग चढवते.

यावर स्मरणरंजन हा उपाय नव्हे. जात्यापुढे बसणाऱ्या स्त्रीचे श्रम गिरणीने हलके केले, हे निःसंशय. त्याच वेळी ओवी रचण्याची एक जागाही गेली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यावरून त्या जागेचा विस्तार कळतो. सुटका आणि हानी एकाच घटनेत असतात, हे मुलाला समजणार नाही असे मानणे हा प्रौढांचा ग्रह आहे.

चित्रपुस्तक या प्रकाराला हे पेलण्याची क्षमता त्याच्या रूपातच आहे. त्याचा काळ पान उलटण्याने घडतो. बैल धावेवरून खाली उतरतात, मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडते, बैल मागे सरकत पुन्हा वर येतात : ही आवर्तने एका स्थिरचित्रात मावत नाहीत, पानांच्या मालिकेत मावतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’ या पुस्तकाचे शीर्षकच चित्राला वाचनाचा विषय मानते. अवजारांच्या इतिहासाला याच दृष्टीची गरज आहे. एकच विहीर प्रत्येक पानावर ठेवून तिच्याभोवतीची माणसे, पाण्याची पातळी आणि यंत्रे बदलत नेली, तर कोण आले, कोण गेले आणि पाणी कोणाच्या रानात पोचले, हे मूल स्वतःच शोधू लागेल. अवजाराचे नाव शिकवणे हे शब्दकोशाचे काम आहे. त्या अवजाराभोवतीचे संबंध वाचायला शिकवणे हे इतिहासाचे काम आहे, आणि बालवाङ्मयाच्या समीक्षेने पुस्तकाकडे तेच मागितले पाहिजे.