वाद जनुकाचा, प्रश्न बियाण्याचा

जनुकपरिवर्तित पिकांसंबंधी मराठीत जे लेखन होते, त्याचे सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष अशा बियाण्यास निसर्गद्रोह ठरवितो. दुसरा त्यातच शेतकऱ्याची मुक्ती पाहतो. आवेश उभयतांकडे भरपूर आहे. परंतु जिरायती रानात या युक्तिवादांचे काय होते, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आम्ही त्यासाठी माणदेशातील आटपाडी तालुका डोळ्यांपुढे ठेवतो.

येथील ज्वारी-बाजरी पावसाच्या लहरीवर पिकते, आणि डाळिंबाच्या बागेस तेल्या रोगाची धास्ती असते. भारतात व्यापारी लागवडीस आलेले जनुकपरिवर्तित पीक एकच, ते म्हणजे 2002 साली परवानगी मिळालेला बीटी कापूस. बोंडअळीस मारक असे प्रथिन त्याच्या झाडातच तयार होते. आरंभी त्यामुळे फवारण्या कमी झाल्या, हे विरोधकांनी मोकळ्या मनाने मान्य करावे. पुढे गुलाबी बोंडअळी त्यास दाद देईनाशी झाली आणि 2017 साली विदर्भात तिने हाहाकार उडविला, हे समर्थकांनी. या जनुकाचा पराक्रम अळीपुरता आहे. ते पाणी आणीत नाही, आणि तेल्या हा जिवाणूंचा रोग असल्याने तेथेही ते निरुपयोगीच.

जनुकामुळे शेतकरी परावलंबी झाला, हे विरोधकांचे विधान आम्हांस अर्धसत्य वाटते. आपल्याकडे बीटी कापूस प्रायः संकरित वाणांतूनच विकला गेला. संकरिताचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत, म्हणून दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. आणि संकरित कापूस तर 1970 सालीच आला होता. उलट, शेजारच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाहा. चांगली कणसे निवडून शेतकरी घरचेच बी पेरू शकतो. बी राखण्याचा हा हक्क 2001 च्या कायद्याने मान्यही केला आहे. तेव्हा दास्य जनुकात नसून बियाण्याच्या घडणीत व मालकीत आहे.

समर्थकांचीही गफलत लहान नाही. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने परवानगी नसलेला तणनाशक-सहिष्णू कापूस जाहीरपणे पेरला. त्यातील धैर्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु चोरट्या बाजारातील बियाण्यास पावती नसते. ते उगवले नाही, तर दाद कोणाकडे मागावी? तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या लेखणीने या प्रश्नास बगल देऊ नये.

असो. या विषयावरील पुढील ग्रंथकारांस आमची एवढीच विनंती आहे: नवे बियाणे कोणत्या व्याधीवर चालते, ते घरी राखता येते काय, आणि ते फसल्यास नुकसान कोण भरून देणार, हे आधी सांगावे. आटपाडीच्या शेतकऱ्यास तेवढे कळले, तर निवाडा करण्यास तो समर्थ आहे.