बादल सरकार : इंद्रजितची कचेरी आणि तिसरी रंगभूमी

मराठी प्रायोगिक नाटकावरच्या लेखनात बादल सरकार हे नाव दोनदा येते, आणि ती दोन वेगळी माणसे असावीत असा भास होतो. एक म्हणजे ‘एवम् इंद्रजित’, ‘बाकी इतिहास’, ‘पगला घोडा’ लिहिणारे, मोहन राकेश, तेंडुलकर, कार्नाड यांच्या पंक्तीतले नाटककार. दुसरे म्हणजे पडदा, विंग, तिकीटखिडकी सोडून लोकांत उतरलेले ‘तिसऱ्या रंगभूमी’चे प्रवर्तक. पहिल्याला आपण अस्तित्ववादी म्हणतो, दुसऱ्याला राजकीय, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी मध्ये एक रेघ ओढून मोकळे होतो. ही रेघ मला मान्य नाही.

सरकार (१९२५–२०११) शिबपूरच्या महाविद्यालयात शिकलेले स्थापत्य अभियंता आणि पेशाने नगररचनाकार. लंडन, फ्रान्स, नायजेरिया असा प्रवास शिक्षण आणि नोकरी यांनी घडवला. समीक्षकांनी हा तपशील परिचयाच्या एका ओळीत संपवला आहे. मला तो कळीचा वाटतो. जागा किती, माणसे किती, ती कोणत्या वाटेने येणार-जाणार, खर्च किती, हे प्रश्न त्यांच्या नाटकाला पहिल्यापासून चिकटलेले आहेत. (सुरुवात त्यांनी विनोदी नाटकांपासून केली हेही आपण विसरतो. प्रहसन लिहिणाऱ्याला दारे आणि माणसे यांचा हिशेब पक्का ठेवावाच लागतो.)

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एवम् इंद्रजित’ या नजरेने पुन्हा वाचावे. अमल, विमल, कमल आणि चौथा इंद्रजित, जो आधी आपले नाव निर्मल सांगतो. परीक्षा, मुलाखत, कचेरी, लग्न. एक जण आत जातो, दुसरा रांगेत पुढे सरकतो. नट तेच, खुर्च्या त्याच, बदलतो तो फक्त माणसांचा क्रम. नेपथ्यावाचून, निव्वळ हालचालीच्या आराखड्यावर उभे राहू शकेल असे हे नाटक रंगमंचासाठी लिहिले गेले, पण रंगमंचाची गरज त्याला तेव्हाच फारशी उरली नव्हती. पुढे जे घडले ते मतपरिवर्तन कमी आणि याच आराखड्याचा विस्तार जास्त.

‘शताब्दी’ ही संस्था त्यांनी १९६७ मध्ये काढली, तीही आधी रूढ रंगमंचावर. १९६९ मध्ये पोलंडमध्ये ग्रोटोव्स्कींचे काम त्यांनी पाहिले, १९७२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शेकनर यांचे. या दोन भेटींना आपल्याकडे नको इतके महत्त्व मिळाले आहे. ‘सगिना महातो’ अमेरिकाभेटीच्या आधीच रंगमंचावरून खाली उतरले होते. सरकारांचा युक्तिवाद साधा होता. भ्रम निर्माण करण्यात सिनेमा नाटकाच्या कितीतरी पुढे आहे. नाटकापाशी उरते ती जिवंत माणसाने जिवंत माणसाशी बोलण्याची ताकद. मग जिच्यात सिनेमा वरचढ, त्याच गोष्टीवर पैसा का ओतायचा? नेपथ्य आणि प्रकाशयोजना काढली की खर्च उतरतो, खर्च उतरला की तिकिटाची आणि जाहिरातदाराची सक्ती सुटते. लवचीक, हलवता येण्याजोगे आणि स्वस्त हे तिन्ही गुण एकमेकांतून निघतात. पुढे तिकीटही गेले. प्रयोगानंतर प्रेक्षक स्वेच्छेने देतील ते घ्यायचे.

‘मिछिल’मध्ये या विचाराला सर्वांत नेमके रूप सापडले. प्रेक्षकांच्या बैठकीची रचनाच वळणावळणाच्या रस्त्यांसारखी, आणि मधून नट मिरवणुकीने जातात. खोका नावाचा तरुण पुन्हा पुन्हा मारला जातो, आणि पोलीस अधिकारी सांगतो की कोणी मेलेले नाही. प्रेक्षक खुर्चीत बसलेला नसतो, तो गल्लीत बसलेला असतो. बाजूने गेलेला मोर्चा पाहिला नाही असे त्याला म्हणता येत नाही. नगररचनाकाराने लिहिलेले नाटक ते हेच. ‘भोमा’ मला त्या मानाने डावे वाटते. शहराचा भात पिकवणाऱ्या माणसाविषयीची चीड खरी आहे, पण ती बऱ्याच ठिकाणी घोषणेत विरते.

महाराष्ट्राने यातले काय घेतले? सत्यदेव दुबे यांनी सरकारांची आधीची नाटके मुंबईच्या हिंदी रंगभूमीवर आणली. अमोल पालेकरांनी ‘मिछिल’ मराठीत ‘जुलूस’ म्हणून केले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तेव्हा नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर मोडण्याचे बळ होते, आणि ‘जुलूस’ तिथे शोभले. पण आपण घेतला तो आकृतिबंध. सभागृहाचे भाडे, तिकीट, आणि छबिलदासमधून सिनेमाकडे किंवा व्यावसायिक नाटकाकडे जाणारी नटांची वाट आपण तशीच ठेवली. यात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. त्या वाटेने मराठीला उत्तम नट दिले. मात्र याला बादल सरकारांचा प्रभाव म्हणताना हात जरा आखडता घ्यावा. त्यांच्या लेखी आकृतिबंध आणि जमाखर्च ही एकच गोष्ट होती.

त्या जमाखर्चात एक रकाना त्यांनीही पुरता उघडला नाही, असे मला वाटते. ‘शताब्दी’त कोणी मानधन घेत नसे, सभासद आपापल्या नोकऱ्या सांभाळून नाटक करत, आणि सरकार स्वतःही कितीतरी वर्षे नोकरीतच होते. म्हणजे तिकीट नको, सरकारी अनुदान नको, जाहिरात नको असे ताठ मानेने सांगता येत होते, कारण पहिल्या तारखेला पगार हातात पडत होता. तो पगार देणारी कचेरी इंद्रजितच्या ओळखीची आहे: तीच टेबले, त्याच फायली, शेजारी अमल, विमल, कमल. नाटककार सरकारांनी जिच्यात माणूस घुसमटताना दाखवला, तिच्याच पैशावर निर्माते सरकारांची रंगभूमी मुक्त राहिली. ज्याच्यापाशी असा पगार नाही, त्या भोमाला रिंगणात उतरून नट व्हायचे असेल तर त्याचा त्या दिवसाचा रोज कोण भरून देणार, हा प्रश्न ‘भोमा’ विचारत नाही.