चित्राची वही

 आज दोन चित्रांबद्दल बोलायचं आहे. पहिलं समोर पडद्यावर आहे. पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराचं 'मुलांचे खेळ', साल 1560. ओक लाकडाच्या फळीवर केलेलं तैलचित्र, 118 बाय 161 सेंटीमीटर. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे.

नीट बघा. गावातला एक चौक, दोनशेहून जास्त मुलं, ऐंशीच्या आसपास खेळ. यातले बरेच तुम्हाला सांगावे लागणार नाहीत. डावीकडे खाली सागरगोटे चालले आहेत. तिथे बिया नाहीत, मेंढीच्या घोट्याची हाडं आहेत, एवढाच फरक. आंधळी कोशिंबीर आहे, भोवरे आहेत, चाक पळवणं आहे, खोटंखोटं लग्नही आहे. आपल्या वाड्याच्या चौकात खेळलेला माणूस या चित्रात परका राहत नाही.

पण चेहरे बघा. फारसं कोणी हसत नाही. मुलं मोठ्यांच्या गांभीर्याने खेळताहेत, जणू कचेरीत कामाला बसली आहेत. चित्रकाराने आपल्याला उंचावर उभं केलं आहे आणि चित्राला मध्य ठेवलेला नाही. नजर फिरतच राहते.

इथून वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, हा माणसाच्या मूर्खपणावरचा शेरा आहे. 1530 मध्ये अँटवर्पला छापलेल्या एका कवितेत माणसाची तुलना पोरखेळात गुंग झालेल्या मुलांशी केली आहे, तिचा दाखला ते देतात. दुसरा पक्ष म्हणतो, छे, ज्याचं खेळावर प्रेम नाही तो इतक्या बारकाईने खेळ रंगवणारच नाही.

कोणाचं खरं मानायचं? इथे चित्राचा वृत्तांत कामाला येतो. चित्र कोणी केलं, कधी केलं, कोणाकडून कोणाकडे गेलं, याची साखळी. इंग्रजीतून आलेला शब्द प्रॉव्हनन्स. नाशिककरांना ही कल्पना समजावून सांगायला नको. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी जा. तीर्थोपाध्याय वही काढतात, आणि तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव-गाव समोर येतं. चित्राचीही अशी वही असते, किंवा नसते.

आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत मांडतो. डोळ्यांना दिसतं ते प्रत्यक्ष. शैलीवरून, रंगावरून काढतो ते अनुमान. आणि वहीतली नोंद म्हणजे शब्दप्रमाण. मात्र शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा असेल तेव्हा. वस्तू जाणणारा आणि ती जशी आहे तशी सांगणारा.

ब्रॉयगलच्या चित्राची वही काय सांगते? फळीवरच सही आणि साल आहे. 1569 मध्ये चित्रकार वारला. 1594 मध्ये नेदरलँड्सचा हॅब्सबर्ग सुभेदार, आर्चड्यूक अर्न्स्ट, याने ते विकत घेतलं. 1604 मध्ये कारेल फान मांडर चित्रकारांच्या चरित्रांत मुलांच्या खेळांच्या अशा चित्राचा उल्लेख करतो. यातला कोणीही चित्राचा अर्थ सांगत नाही. पण सालामुळे चित्राची भावंडं सापडतात. 1559 मध्ये याच चित्रकाराने शंभराहून अधिक म्हणी एका गावात रंगवल्या. त्याच वर्षी कार्निव्हल आणि उपासाचा काळ यांची झुंज रंगवली. तीच उंचावरची नजर, तीच गर्दी. म्हणजे हा माणूस त्या काळात मनुष्यस्वभावाची मोजदाद करत होता. पहिल्या पक्षाला यातून बळ मिळतं, हे मान्य करायला हवं.

पण निकाल लागत नाही. उजवीकडे खाली बघा. एक मुलगी दुकान-दुकान खेळते आहे आणि वीट खरवडून लाल भुकटी करते आहे. त्याच कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे! रंग तयार करणाऱ्या पोरीच्या शेजारी रंगाऱ्याचं नाव. मला यात तुच्छता दिसत नाही, नातं दिसतं. हे कुठल्याही वहीत नाही, ते बघावंच लागतं.

आता दुसरं चित्र, आपल्या घरचं. हातात समई घेतलेली, ज्योतीवर पंजा धरलेली स्त्री. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. किती घरांत त्याची प्रत 'रविवर्म्याचं चित्र' म्हणून लावलेली असते! ते सावळाराम हळदणकरांचं आहे, सावंतवाडीच्या. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. रविवर्मा 1906 मध्ये गेले. हे चित्र 1940 नंतरचं. शिवाय ते जलरंगात आहे, आणि रविवर्म्यांची ख्याती तैलरंगाची. एक साल बघितलं असतं तरी पुरे होतं.

न्यायात 'ऐतिह्य' असा शब्द आहे: लोक म्हणतात म्हणून चालत आलेली गोष्ट, जिचा मूळ वक्ता सापडत नाही. वही नसली की ऐतिह्य तिची जागा घेतं, आणि ऐतिह्याला मोठं नाव आवडतं. मोठ्या नावाने लहान नाव गिळलं जातं. यात नुकसान किमतीचं नाही, न्यायाचं आहे. ज्याने रात्रंदिवस बसून केलं त्याचं नाव जातं. आणि बघण्याचंही नुकसान आहे: रविवर्मा म्हणून बघताना हळदणकरांनी कागदावर तो उजेड पाण्याने कसा आणला, हे दिसतच नाही.

आपल्याकडे जुने वाडे पडताहेत. माळ्यावरून तसबिरी निघतात आणि आठ दिवसांत भंगारात किंवा दुकानात जातात. तेव्हा एवढंच करा. मागचा कागद, चौकटवाल्याची चिठ्ठी, खिळे, काही फाडू नका. पुढून-मागून फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, आणि तो सांगेल ते त्याच्या नावासकट, तारखेसकट लिहून ठेवा. 'माहीत नाही' म्हणाला, तर तेही लिहा. मोठं नाव मात्र चिकटवू नका.

वही बघण्याचं काम करत नाही. पण डोळ्याला भलत्या नावापासून वाचवते.