स्वतःशी एकमत

काही शोधनिबंध आपला निष्कर्ष शेवटच्या परिच्छेदापर्यंत राखून ठेवतात. मँचेस्टरच्या एरियान हेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘आर्थ्रायटिस अँड ऱ्हुमॅटिझम’ या नियतकालिकात लिहिलेला निबंध तो शीर्षकातच सांगून मोकळा होतो: स्क्लेरोडर्मात बोटावरचा व्रण कशाला म्हणायचे, यावर संधिवाततज्ज्ञांचे एकमत नाही. स्वतःच्याच व्यवसायाबद्दल इतके सरळ बोलणारा हा निबंध मला साहित्यकृतीसारखा वाचावासा वाटतो, तो त्याच्या रचनेसाठी.

विषय बोटाच्या टोकाएवढा. स्क्लेरोडर्मात कातडी घट्ट होते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, थंडी लागताच बोटे पांढरी-निळी पडतात. रक्त पोचेनासे झाले की टोकाशी व्रण होतो. तो महिनोन्‌महिने भरत नाही, चिघळतो, कधी बोटाचा तुकडाही जातो. पण त्याच बोटावर आणखी बरेच काही असते: जुन्या व्रणाची खळगी, सांध्यावरची भेग, कातडीखालून वर येणारे कॅल्शियमचे पांढरे खडे, आणि सगळे झाकून टाकणारी खपली. यातले काय मोजायचे आणि काय सोडायचे?

हेरिक यांनी या प्रश्नाची मांडणी फार थोड्या साधनांत केली. बोटांची ३५ छायाचित्रे घेतली, प्रत्येकाची एक प्रत काढली आणि ती ७० छायाचित्रे उलटसुलट क्रमाने तज्ज्ञांपुढे ठेवली. उत्तरे तीनच: व्रण नाही, व्रण आहे पण निवलेला, व्रण जिवंत आहे. एकच छायाचित्र दोनदा दाखवण्यात या निबंधाचे सगळे मर्म आहे. त्यामुळे डॉक्टरांचे परस्परांशी पटते का, याबरोबरच प्रत्येकाचे स्वतःशी पटते का, हेही कळते.

दोन्हींची उत्तरे कापा या मापात दिली आहेत. निव्वळ योगायोगाने जुळले तर शून्य, पूर्ण जुळले तर एक. स्वतःशी जुळणी ०.८१ भरली, इतरांशी ०.४६. निबंधाचा अर्थ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. डॉक्टर बेफिकीर असते, तर पहिला आकडाही कोसळला असता. क्रिकेटमधला एक पंच पायचीत सहज देतो, दुसरा देत नाही. पण दोघेही दिवसभर आपापल्या मापाला धरून राहतात, तसेच हे. प्रत्येकाच्या मनात व्रणाची पक्की व्याख्या आहे. फक्त ती ज्याची त्याची आहे.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे औषधांच्या चाचण्या पाहिल्यावर कळते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बोसेन्टान या औषधाच्या चाचणीत १२२ रुग्ण होते. १६ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांना सरासरी १.४ नवे व्रण झाले, न घेणाऱ्यांना २.७. म्हणजे सारा फरक माणशी सुमारे सव्वा व्रणाचा. औषध कोणाला मिळते हे तपासणाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे मतभेदाने पारडे एका बाजूला झुकत नाही. पण एका केंद्रात खपली मोजली गेली आणि दुसऱ्यात सोडली गेली, तर खरा फरकसुद्धा धूसर होऊ शकतो. ०.८१ या आकड्यात त्यावरचा व्यवहारी उपायही दडलेला आहे: एका रुग्णाची बोटे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच डॉक्टरने तपासावीत.

निबंधाला मर्यादा आहे. छायाचित्राला हात लावता येत नाही. दुखते का, ओल आहे का, खोली किती, हे विचारता येत नाही. मग रुग्णाची माहिती जोडली तर नजरा जुळतील, अशी आशा वाटते. पुढे इंग्लंडमधल्याच मंडळींनी तेही करून पाहिले. फारसा फरक पडला नाही. दोष माहितीच्या तुटवड्यात नव्हता, हे त्यातून दिसले.

२०१७ साली वर्ल्ड स्क्लेरोडर्मा फाउंडेशनच्या पुढाकाराने एक सामायिक व्याख्या ठरली: वरची त्वचा जाऊन तिच्या तळाचा पडदा फाटलेला हवा, आणि आतल्या रक्तवाहिन्या, फायब्रिन, नवे लालसर मांस किंवा त्याखालचे थर दिसायला हवेत, नाहीतर मृत भाग काढल्यावर ते दिसले असते असे वाटायला हवे. व्याख्या नेमकी आहे, तरी तिचे शेवटचे कलम खपलीखालचा अंदाज पुन्हा डॉक्टरच्या नजरेवरच सोपवते. म्हणूनच हेरिक यांचा निबंध जुना होत नाही. तज्ज्ञांनी बैठकीत मान्य केलेली व्याख्या दवाखान्यातही एकसारखी वापरली जाते का, हे प्रत्येक वेळी वेगळे मोजावे लागते, आणि ते कसे मोजायचे याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला आहे.