सायकल आणि तीन किलोमीटर

मुलींच्या शिक्षणावरचा कुठलाही अहवाल उघडा, त्यात ‘अडथळे’ नावाचं एक प्रकरण असतंच. गरिबी, शाळेचं अंतर, लवकर लग्न, घरकाम, शाळेत स्वच्छतागृह नसणं. यादी खोटी नाही हो. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. अडथळा म्हटलं की वाटतं, मुलगी वाटेवर निघालेलीच आहे, मध्ये एक धोंडा पडलाय. तो सरकवला की ती आपली चालू लागेल.

बिहारचं उदाहरण घ्या. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी योजनेचा अभ्यास केला. मुलग्यांशी आणि शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्यांनी दाखवलं की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगा-मुलगीतली दरी ४० टक्क्यांनी घटली. आणि फरक मुख्यतः दिसला तो शाळेपासून ३ किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत.

झालं! म्हणजे अडथळा अंतराचाच होता. पण थांबा. ते ३ किलोमीटर मुलग्यांनाही ३च होते की. रस्ता तोच, चिखल तोच. मग मुलीसाठीच ते लांब का झाले? पोर किती वेळ नजरेआड राहील, वाटेत कोण भेटेल, गाव काय म्हणेल, ती येईपर्यंत धाकट्याला कोण सांभाळेल, हे सगळं त्या अंतरात धरलेलं असतं. आणि ते मोजतो बाप.

इथे मला अमर्त्य सेन आठवतात, आणि त्यांच्याबद्दल थोडी तक्रारही आहे. १९८५च्या ‘कमोडिटीज अँड केपेबिलिटीज’ या छोट्या पुस्तकात त्यांनी उदाहरण घेतलंय ते सायकलचंच. सायकल ही वस्तू, वाहून नेणं हा तिचा गुण, आणि तिच्यावरून प्रत्यक्ष जाता येणं ही माणसाची क्षमता. अपंग माणसाला तीच सायकल तेवढी उपयोगी पडत नाही. म्हणून कुणाकडे काय आहे एवढंच मोजू नका, त्याला काय करता येतं ते बघा. मुद्दा लाखमोलाचा. पण त्या उदाहरणातला माणूस एकटा आहे हो! तो आणि त्याची सायकल.

बिहारची मुलगी एकटी नव्हती. एकच मुलगी सायकलवर निघाली तर तो तमाशा होतो. पारावरची माणसं वळून बघतात, संध्याकाळी बापाला टोकतात. वर्गातल्या सगळ्याच निघाल्या की ती रोजची रहदारी होते. घोळक्याने जाण्यातली सुरक्षितता आणि बदलणारे सामाजिक रिवाज यांकडे त्या अभ्यासकांनीही बोट दाखवलंय. म्हणजे एकीची क्षमता दुसरीच्या सायकलवर उभी आहे. माणूस-माणूस सुटा मोजणाऱ्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

‘आधी मानसिकता बदला’ म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावं. मीही त्यातलाच, वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत होतो. बिहारने त्यासाठी वाट पाहिली नाही.

अर्थात, त्याच अभ्यासात दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. सायकल फाटकापर्यंत नेते. वर्गात काय शिकवलं जातं, संध्याकाळी घरी परतल्यावर हातात पुस्तक येतं की बादली, हा हिशेब अजून मांडायचाय. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.