ऑनलाइन किरकोळ व्यापारातील ब्रँड-विश्वास : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांतील मराठी लेखनात ‘ब्रँड-विश्वास’ ही संज्ञा गेल्या दोन दशकांत चांगलीच रुळली आहे. ऑनलाइन खरेदीविषयी लिहिताना तर ती टाळताच येत नाही. या लेखनाची मांडणी बहुधा ठरलेली असते. सोयीस्कर नमुना निवड पद्धतीने शंभरेक उत्तरदाते निवडायचे, ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पर्यायांची प्रश्नावली त्यांच्या हाती द्यायची आणि आलेल्या टक्केवारीवरून ग्राहकांचा विश्वास वाढत असल्याचे नोंदवायचे. या पद्धतीत दोष काढण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु तिच्यातील मूळ उणीव आकडेमोडीची नाही. ग्राहक कंपनीवर विश्वास ठेवतो का, एवढेच ती विचारते. कंपनी ग्राहकावर विश्वास ठेवते का, हा प्रश्न प्रश्नावलीत नसतोच. भारतातील ऑनलाइन किरकोळ व्यापाराचा इतिहास पाहता, या व्यापाराला पहिला भक्कम विश्वास लाभला तो कंपनीने ग्राहकावर विश्वास टाकला तेव्हा, असे दिसते. पुढे हा भाग आटत गेला आणि त्याची जागा जाहिरातीच्या भाषेने घेतली. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराची चिकित्सा केली आहे.

संकल्पनेविषयी थोडे

रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासाची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा की समोरच्यावर नजर ठेवता येत नसतानाही त्याच्या कृतीमुळे आपले नुकसान होऊ शकेल अशा स्थितीत राहण्याची तयारी म्हणजे विश्वास. त्याआधी १९७० मध्ये जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असतो आणि ग्राहकाला तो कळत नाही, तेव्हा वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. हमीपत्र आणि ब्रँडचे नाव हे त्यावरील उतारे म्हणून त्यांनी नमूद केले. दोन्ही विवेचने एकत्र ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. विश्वास हा मनातील भाव असला तरी तो उभा राहतो जोखमीच्या वाटणीवर. व्यवहार फसला तर तोटा कोणाच्या पदरी पडणार, हे ठरवणारी व्यवस्था बदलली की विश्वासही बदलतो, मग जाहिरात काहीही म्हणो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून घेण्यासाठी परदेशी सिद्धान्ताची फारशी गरज नाही. गल्लीतील किराणा दुकानदाराची उधारीची वही हा या वाटणीचा जुना दस्तऐवज आहे. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावूनही तो ज्यांना उधार देई, त्यांच्यापुरती जोखीम तो स्वतः उचलत असे. आणि ज्याच्या नावाचे पान त्या वहीत असे, तो ग्राहक चार पैसे जास्त मोजूनही दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे. यात भाबडेपणा नव्हता. वहीत ज्यांना कधीच जागा मिळाली नाही अशी घरेही त्याच गल्लीत होती आणि त्यामागे जात, पत आणि वस्तीचा हिशोब असे, हे विसरून चालणार नाही. पुण्यातील ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी विनोदाचा विषय झाली खरी. परंतु तिच्यात विश्वासाची एक निराळी कल्पना आहे. ब्रँड सर्वत्र सारखेच मिळेल असे आश्वासन देतो. ही पाटी सांगते की तक्रार असेल तर ती इथेच, याच गल्ल्यावर, याच माणसासमोर करता येईल.

जोखीम कोणी उचलली?

फ्लिपकार्टने ऑक्टोबर २००७ मध्ये बंगळूर येथे पुस्तकविक्रीने सुरुवात केली. त्या वेळच्या अडचणी सर्वपरिचित आहेत. पुढे तीन वर्षांनीही देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दोन कोटींच्या आतच होती आणि ज्यांच्याजवळ कार्ड होते त्यांनाही संगणकाच्या पडद्यावर त्याचा क्रमांक लिहिताना धास्ती वाटे. २०१० मध्ये या कंपनीने वस्तू घरी पोहोचल्यावर रोख पैसे घेण्याची सोय सुरू केली. मराठीतही ही सोय ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ याच नावाने ओळखली जाते.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. टपाल खात्याची व्ही. पी. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून देशात होती, आणि गावोगावच्या मराठी वाचकांनी तिच्या आधारे पुस्तके मागवली. मात्र व्ही. पी.मध्ये पोस्टमनच्या हाती पैसे दिल्यावरच पुडके ताब्यात येई. आत काय निघेल याची जबाबदारी टपाल खाते घेत नसे. ऑनलाइन कंपनीने त्यात वस्तू परत घेण्याची अथवा बदलून देण्याची हमी जोडली. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या ग्राहकाला ‘नको’ म्हणण्याची मुभा मिळाली. त्याने नकार दिला तर जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च, अडकलेला माल आणि वाया गेलेला वेळ हे सारे कंपनीच्या माथी येत असे. उधारीच्या वहीचेच हे नवे रूप म्हणता येईल. फरक एवढाच, की वहीत नाव लिहिण्याआधी दुकानदार घराणे पाहत असे. इथे काही काळ तरी पिनकोडखेरीज फारसे काही पाहिले गेले नाही.

या टप्प्यावरील जाहिरातीही तपासण्यासारख्या आहेत. २०११ मधील फ्लिपकार्टच्या जाहिरातमालिकेत लहान मुले मोठ्यांच्या वेशात, मोठ्यांच्या आवाजात बोलतात. तिचे कौतुक तिच्या गोडव्यासाठी झाले. तिचे खरे बळ मात्र विषयात होते. पैसे केव्हा द्यायचे, वस्तू अस्सल असेल का, बिघडली तर बदलून मिळेल का, या नेमक्या शंका त्या मुलांच्या तोंडी होत्या. जाहिरात एका व्यवस्थेची माहिती देत होती, आणि ती व्यवस्था अस्तित्वात होती.

जोखमीची ही वाटणी किती नाजूक असते ते ६ ऑक्टोबर २०१४ रोजी दिसले. ‘बिग बिलियन डे’ या विक्रीच्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले, किमती बदलत राहिल्या, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोन्ही संस्थापकांनी स्वतःच्या नावाने ग्राहकांना क्षमापत्र पाठवले. ब्रँड संकटात सापडला तेव्हा त्याला बोलण्यासाठी माणसांची नावे लागली, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. शाखा नसलेल्या दुकानाच्या गल्ल्यावर जो माणूस बसलेला असतो, त्याचीच जागा त्या दिवशी त्या दोन सह्यांनी घेतली. पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने कंपनीतील बहुसंख्य हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी ते दोघेही कंपनीच्या पदांवरून बाहेर पडले.

‘अपनी दुकान’ आणि कायद्यातील दुकान

अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात व्यवहार सुरू केले. २०१५ च्या ‘और दिखाओ’ या जाहिरातीत भारतीय ग्राहकाची सवय हेरली होती. कापडदुकानात गादीवर बसून दहा साड्या उलगडायला लावणाऱ्या कुटुंबाला ती लगेच कळली. पुढे आलेले ‘अपनी दुकान’ हे घोषवाक्य मात्र वेगळ्या जातीचे आहे. तिथे सोयीची माहिती नाही, नात्याचा दावा आहे. ‘आपले’ दुकान म्हणजे ज्याच्या मालकाला आपण ओळखतो आणि जो आपल्याला ओळखतो असे दुकान.

आता याच काळातील कायदेशीर भाषा शेजारी ठेवून पाहावी. परकीय गुंतवणुकीच्या धोरणानुसार परकीय भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने केवळ बाजारमंच पुरवावा, विक्रेते वेगळे असावेत, अशी अट आहे. मार्च २०१६ च्या ‘प्रेस नोट ३’मध्ये मालाची हमी, विक्रीनंतरची पोहोच आणि ग्राहकाचे समाधान या जबाबदाऱ्या विक्रेत्याच्या असल्याचे म्हटले होते. छोट्या व्यापाऱ्यांचे हित हा या धोरणामागील हेतू होता आणि तो गैर नव्हता. त्याचा परिणाम मात्र चमत्कारिक झाला. जाहिरातीत ‘हे आपले दुकान आहे’ असे म्हणणारी कंपनी तक्रारीच्या वेळी ‘हे आमचे दुकान नाही’ असे म्हणू शकते, आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी कायदेशीर ठरतात.

या विसंगतीची परीक्षा एका साध्या घरगुती वस्तूने घेतली. भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह बंधनकारक असतानाही ते नसलेले प्रेशर कुकर ऑनलाइन विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये आदेश काढले. अ‍ॅमेझॉनच्या मंचावरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते आणि त्यांपोटी कंपनीला ६,१४,८२५ रुपयांहून थोडी अधिक दलाली मिळाली होती, म्हणजे कुकरमागे सरासरी २७१ रुपये. फ्लिपकार्टच्या बाबतीत कुकरची संख्या ५९८ होती. ग्राहकांना कळवणे, कुकर परत घेणे व पैसे परत करणे असे निर्देश आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड, असे या आदेशांचे स्वरूप होते. प्रकरणे पुढे दिल्ली उच्च न्यायालयातही गेली.

दंडाची रक्कम अशा कंपन्यांना जाणवणारी नव्हे. महत्त्व आहे ते प्राधिकरणाच्या युक्तिवादाला. प्रत्येक विक्रीतून कमाई करणारा मंच त्या विक्रीतील दोषापासून स्वतःला अलग करू शकत नाही, असे अ‍ॅमेझॉनविषयी म्हटले गेले. फ्लिपकार्टविषयीचे निरीक्षण त्याहून मार्मिक आहे. प्रत्येक बिलावर कंपनीचे नाव छापण्याची सक्ती आणि विक्रेत्यांची सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी प्रतवारी, यांवरून विक्रीतील तिची भूमिका दिसते, असे प्राधिकरणाने म्हटले. म्हणजे ब्रँडची जी चिन्हे विश्वास निर्माण करण्यासाठी वापरली जातात, तीच उत्तरदायित्वाचा पुरावा म्हणून वाचली गेली. ब्रँड-विश्वासाविषयीच्या कित्येक शोधनिबंधांपेक्षा या वाचनात अधिक समीक्षादृष्टी आहे.

ग्राहक-सहभाग

व्यवस्थापनशास्त्रात ‘ग्राहकांना गुंतवून ठेवणे’ ही विश्वासाची पुढची पायरी मानली जाते. ऑनलाइन व्यापारात या सहभागाचे सर्वांत दृश्य रूप म्हणजे अभिप्राय आणि तारे. ‘पार्सल वेळेवर आले, अजून उघडले नाही’ असे लिहून पाच तारे देणारे ग्राहक या अभिप्रायांत नेहमी भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांचे तारे दारापर्यंत आलेल्या मुलासाठी असतात. मात्र गुणांकन करणाऱ्या यंत्रणेत ते तारे वस्तूच्या खात्यात जमा होतात. पैसे देऊन लिहवून घेतलेल्या अभिप्रायांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० ने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली; भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे अभिप्रायांविषयीचे मानक आणले, पण ते ऐच्छिक स्वरूपात. ग्राहकाने ग्राहकासाठी केलेले हे विनावेतन काम आहे. त्यातून वाढणारी पत मात्र मंचाची असते.

सहभागाची दुसरी बाजू अधिक अप्रिय आहे. घड्याळाचे आकडे उलटे पळवून घाई करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, शेवटच्या टप्प्यावर नवे आकार जोडणे, सवलत नाकारणाऱ्याला शरमिंदे करणारी वाक्ये लिहिणे, अशा १३ प्रकारांची यादी केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून दिली. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगण्यात आले. ज्याची तपासणी करायची त्यालाच तपासनीस नेमण्याची ही पद्धत कितपत फलदायी होईल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

या संदर्भात रोख पैसे देऊन वस्तू घेण्याच्या सोयीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१६ नंतर यूपीआयचा प्रसार झाला आणि आगाऊ पैसे भरणे ग्राहकाच्या अंगवळणी पडले. कंपन्यांना दारातून परतणाऱ्या मालाचा खर्च सोसण्याचे कारण उरले नाही. अनेक मंचांवर रोखीने पैसे देणाऱ्याकडून वेगळा आकार घेतला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा आकाराची चौकशी सुरू असल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी जाहीर केले. रक्कम किरकोळ असते. पण ज्या सोयीने कंपनीने एकेकाळी अनोळखी ग्राहकावर विश्वास टाकला, तिचेच मूल्य आता त्या ग्राहकाकडून वसूल होत आहे, आणि ते बहुतांशी अशा ग्राहकाकडून, ज्याच्या हाती स्मार्टफोन घरातील दुसऱ्या कोणाचा आहे किंवा ज्याला आधी वस्तू पाहावीशी वाटते.

याहून सूक्ष्म बदल पडद्याआड होतो. कोणत्या पिनकोडला आणि कोणत्या खात्याला रोखीचा पर्याय दाखवायचा, किती वेळा वस्तू परत केल्यावर खाते बंद करायचे, हे आता पूर्वीच्या व्यवहारांच्या नोंदींवरून यंत्रणा ठरवू शकते. किराणा दुकानदारही वहीतून नाव काढत असे. पण त्याला विचारण्यासाठी समोर जाता येत असे आणि तो बरेवाईट काहीतरी उत्तर देई. २०२० च्या नियमांनी वस्तूंचा क्रम कोणत्या निकषांवर लावला जातो ते सांगणे मंचांना बंधनकारक केले आहे, आणि ग्राहकांच्या कायदेशीर हक्कांना बाधा आणणारे त्यांचे मनमानी वर्गीकरणही निषिद्ध ठरवले आहे. रोखीचा पर्याय हा त्या हक्कांमध्ये मोडतो की ती कंपनीची मर्जी आहे, हे ज्या ग्राहकाच्या पडद्यावरून तो पर्याय नाहीसा होतो त्याला कोणी सांगत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून ४८ तासांत त्याला पोच तेवढी मिळते.