निजणाऱ्याचा डाव

दिवाळी अंकासाठी टीकालेख लिहावयाचा म्हणजे समोर एखादी कादंबरी हवी, नाटक हवे, निदान एखादा बोलपट तरी हवा, अशी आपली समजूत असते. माझीही होती. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा आमच्याकडे पंधरा दिवस राहून गेला, आणि जाताना एक पात्र माझ्या मनात ठेवून गेला. या पात्रावर लिहिल्यावाचून मला दुसरे काही सुचेना. हे पात्र कादंबरीतले नाही, नाटकातलेही नाही. ते आहे मुलांच्या एका खेळातले. वाचकांनी हसावयाचे असेल तर आताच हसून घ्यावे; मीही प्रथम हसलोच होतो.

भाचा पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो. जुनी यंत्रे जमविण्याचा त्याला नाद. त्याच्या पिशवीतून 'गेम बॉय' नावाची तळहाताएवढी दोन यंत्रे आणि त्यांना जोडणारी एक तार निघाली. खेळ होता 'पोकेमॉन'. त्यातली 1999 साली जपानात निघालेली 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' ही जोडी. ज्यांच्या घरी या शतकाच्या आरंभी मुले लहान होती, त्यांना टीव्हीवरचा पिवळा पिकाचू आठवत असेल. त्याचेच हे मूळ घराणे. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी गृहस्थांना लहानपणी किडे पकडून जमविण्याचा छंद होता. त्या छंदाचाच पुढे खेळ झाला आणि 27 फेब्रुवारी 1996 रोजी त्याची पहिली जोडी जपानात विक्रीस आली. रानावनांतून चित्रविचित्र प्राणी पकडावयाचे, वाढवावयाचे आणि मग दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवावयाचे, असा हा खेळ. प्रत्येकाच्या पदरी सहा प्राणी, प्रत्येक प्राण्याला चार डाव. दोघांनीही आपापला डाव मनात ठरवावयाचा आणि मग ज्याचा प्राणी चपळ, त्याचा घाव आधी पडावयाचा.

या शेवटच्या नियमाने मी फसलो. ज्याचा घाव आधी त्याचा विजय, हा हिशेब मला स्वयंसिद्ध वाटला. मी चपळ प्राणी निवडले. त्यांत 'अलाकझॅम' नावाचा एक मांत्रिक होता. त्याचा वेग 120, मंत्रबळ 135. समोर भाच्याने काय उभे करावे? 'स्नोरलॅक्स' नावाचे एक ढेरपोटे धूड. जपानीत त्याचे नाव 'काबिगोन'. उंची सुमारे सात फूट, वजन 460 किलो, आणि वेग अवघा 30. खाणे आणि निजणे एवढे दोनच उद्योग त्याला ठाऊक. मी घाव घातले, त्याने सोसले. मी आणखी घातले. त्याचे बळ निम्म्याखाली आले, तेव्हा माझ्या अंगात विजय संचारला. आणि त्याच वेळी ते धूड खुशाल निजले! मी मोठ्याने हसलो. "जो झोपला तो संपला," असेही म्हणालो. भाचा काही बोलला नाही. पाळ्या उलटल्या, धूड जागे झाले, पाहतो तो त्याचे बळ पूर्ववत् भरलेले. नंतर दोन दणक्यांत माझा मांत्रिक आडवा झाला.

"मामा, तुम्ही फार घाई करता," भाचा एवढेच म्हणाला.

त्या रात्री मी त्या पात्राचा विचार करीत पडलो. कादंबरी लिहिणाऱ्याची ही खोड असते. आणि दुसऱ्या दिवसापासून मी तो खेळ एखादे पुस्तक वाचावे तसा वाचू लागलो.

प्रथम त्याची घडण पाहावी. आपण कादंबरीकार एखाद्याला 'मंद पण दणकट' म्हणतो आणि चौथ्या प्रकरणात ते विसरून त्याला जिना धावत चढावयास लावतो. येथे आकडे विसरू देत नाहीत. जीवनबळ 160, मारा 110, वेग 30. पण खरी गंमत पुढेच आहे. शरीराच्या घावांपासून बचाव करण्याची त्याची शक्ती केवळ 65 आहे. म्हणजे हा वज्रदेही नव्हे. याला घाव लागतात, चांगले लागतात. तो टिकतो तो चिलखताच्या जोरावर नव्हे, रक्त पुष्कळ आहे म्हणून. लेखकाने पात्राला दिलेली ही उणीव मला फार मार्मिक वाटली.

दुसरी गोष्ट अशी, की हे पात्र पहिल्या आवृत्तीत इतके पूर्ण नव्हते. 1996 च्या खेळात मंत्राचा मारा आणि मंत्रापासून बचाव या दोन्हींसाठी एकच आकडा होता, आणि स्नोरलॅक्सच्या वाट्यास 65 आला होता. 1999 मध्ये त्या एकाचे दोन आकडे केले गेले. मारा 65 राहिला, बचाव 110 झाला. लेखकाने दुसऱ्या खर्ड्यात एक वाक्य दुरुस्त करावे आणि पात्र उठून उभे राहावे, तसे हे झाले. माझा मांत्रिक हरला तो याच 110 पाशी.

आता त्याची युद्धनीती. भाच्याच्या स्नोरलॅक्सचे चार डाव होते: बॉडी स्लॅम, कर्स, रेस्ट आणि स्लीप टॉक. पहिला म्हणजे अंग झोकून दिलेला दणका. दहांत तीन वेळा त्याने शत्रूचे अंग लुळे पडते. तिसरा म्हणजे निद्रा: दोन पाळ्या निजावयाचे, सगळी जखम आणि सगळे विष धुऊन निघावयाचे. चौथा म्हणजे झोपेत बरळणे. झोपेतच उरलेल्या डावांपैकी कोणतातरी एक आपोआप पडतो. पण या सर्वांचा मुकुटमणी दुसरा. 'कर्स' म्हणजे शाप. तो स्वतःवर घेतला की मारा दीडपट होतो, बचावही दीडपट होतो, आणि किंमत म्हणून वेग घटतो.

या एका डावात त्या पात्राचे सारे मर्म आहे. जी उणीव होती ती, म्हणजे तो 65 चा बचाव, शापाने भरून निघते. आणि किंमत कशात चुकवावयाची? जे आपल्यापाशी मुळातच नाही त्यात! चपळ प्राण्याने हा शाप घ्यावा तर त्याचे सर्वस्व जाते. मंदाला मात्र हा सौदा फुकट पडतो. तो आधीच शेवटी आहे; आणखी शेवटी कोठे जाणार?

आपल्याकडे ससा आणि कासव यांची गोष्ट मुलांना शिकवितात. मीही वीस वर्षे शिकवीत आलो. पण नीट पाहिले तर त्या गोष्टीत कासव आपल्या गुणाने जिंकत नाही, ससा निजला म्हणून जिंकते. ससा जागा राहता तर कासवाला कोणी विचारले असते? येथे उलट आहे. येथे निजतो तो मंदच, आणि त्याची नीज हीच त्याची ढाल. कुंभकर्णाचीही आठवण होते. त्याला दुसऱ्याच्या युद्धासाठी गलबला करून उठविले. स्नोरलॅक्सलाही वाट अडवून निजलेला असताना पहिल्या खेळात बासरीने आणि दुसऱ्यात रेडिओवरच्या सुरांनी उठवितात. पण कुंभकर्ण उठला आणि संपला. हा लढाईच्या मध्यावर पुन्हा निजण्याचा आपला हक्क सोडीत नाही.

मात्र मंदपणाचे नुसते स्तोत्र गावे असा हा खेळ नाही, आणि म्हणूनच मी त्याला मानतो. भाच्याने एकदा मला स्नोरलॅक्स देऊन स्वतः दुसरे प्राणी घेतले. मी शापावर शाप घेत सुटलो. त्याने 'स्कार्मोरी' नावाचा पोलादी पक्षी आणला. त्याने वावटळ उठवून माझ्या मल्लाला मैदानाबाहेर फेकले आणि जमविलेले सारे बळ शून्यावर आले. पुढे 'माचॅम्प' नावाचा चार हातांचा पहिलवान आला. कुस्तीचा मारा ही या धुडाची एकच दुखरी बाजू, आणि त्याने नेमकी तीच धरली. मंदाला एकट्याने जिंकता येत नाही. वावटळ उठविणाऱ्याला आणि पहिलवानाला आधी वाटेतून दूर करणारे साथी लागतात. शिवाय हाती एक शिदोरी लागते. तिचे नाव 'लेफ्टओव्हर्स', म्हणजे उरलेसुरले अन्न. ती जवळ असली की दर पाळीला एकूण बळाचा सोळावा हिस्सा परत मिळतो. शंभराव्या पायरीवर पूर्ण वाढलेल्या स्नोरलॅक्सचे बळ 523 भरते. त्यातले 32 दर पाळीला. घास लहानच, पण चुकत नाही. 2004 साली पहिल्या खेळाची जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात स्नोरलॅक्स जेथे निजलेला असतो तेथे, तो गेल्यावर, हीच शिदोरी मातीत दडलेली सापडते. असा तपशील सुचणाऱ्याला मी लेखकच म्हणेन.

दोषही सांगितले पाहिजेत. दोन्हीकडे स्नोरलॅक्स आले की लढाई रटाळ होते. आमचा एक डाव पाऊण तास चालला आणि अखेर निकाल लागला तो एका दैवी फटक्याने. असा फटका सुमारे पंधरांत एकदा पडतो, दुप्पट लागतो, आणि पाळीपाळीने रचलेला बचाव बहुधा जमेस धरीत नाही. इतक्या संयमाची अखेर नशिबावर व्हावी, हे मला रचनेतले वैगुण्य वाटते. दुसरे असे, की खेळाच्या कथेत या पात्राला केवळ वाट अडविण्याचे काम दिले आहे. त्याची खरी थोरवी कथेत कोठेच नाही. ती आकड्यांत शोधावी लागते. आणि 2006 च्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांत 'ट्रिक रूम' नावाची एक युक्ती आली. तिने पाच पाळ्या जगाचा क्रमच उलटतो आणि सर्वांत मंद तो सर्वांत आधी घाव घालतो. भाच्याला ती फार प्रिय. मला तितकीशी रुचत नाही. मंदाला पहिला करून जिंकविण्यात काय मोठेसे? तो शेवटचा राहूनच जिंकत होता, हीच तर त्याची शोभा होती.

आता मुलांच्या खेळाला मी इतका का चिकटलो, हे सांगितले पाहिजे. कॉलेजची पायरी न चढलेला मी शिक्षक. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. मी प्रश्न विचारी, हात वर होत, आणि पहिला वर होणारा हात मी घेई. या मुलाचा हात मी फळ्याकडे वळल्यावर वर होई. एक-दोनदा मी त्याला विचारले, तेव्हा उत्तर बरोबर निघाले. पण तोवर माझे पुढचे गणित अर्धे झालेले असे. वर्षाअखेरीस मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मंद' असा शेरा लिहिला. वडिलांनी खाली सही केली. पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले.

तो शेरा लिहिताना माझ्यापाशी एकच आकडा होता: वेगाचा. त्याचे जीवनबळ किती, सोसण्याची ताकद किती, हे मी मोजलेच नव्हते. आणि त्याच्या हाती ती चिमूटभर शिदोरी देणे, वाटेतला एखादा पहिलवान दूर करणे, हे तर माझेच काम होते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून मी प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजतो आणि मगच हातांकडे पाहतो. चपळ मुले चुळबुळ करतात. दहा अंक फार नव्हेत; पण आठव्या-नवव्या अंकाला मागच्या बाकांवर एखाददुसरा हात वर होतो. त्या गेलेल्या मुलाला याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

या सुटीत भाचा पुन्हा येणार आहे. आपल्याही घरी कोणी मूल असा खेळ घेऊन बसले असेल, तर फराळाचे ताट बाजूला ठेवून त्याच्याशी एक डाव खेळावा. बहुधा आपण हराल. पण कशाने हरलो ते मुलाला जरूर विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.